व्हेअर विंड्स मीट : नवख्याने आधी काय शिकायचं?

मिरजेचा_पोरगा
नमस्कार मंडळी. सेमिस्टर संपलं, घरी लोळत पडलोय. रूममेटच्या नादाने ‘व्हेअर विंड्स मीट’ हा जुन्या चीनमधल्या तलवारबाजीचा गेम उतरवून घेतला. फुकट होता म्हणून घेतला, खोटं कशाला बोलू. शंभरेक जीबी जागा खाल्ली लॅपटॉपची, आता निदान नीट खेळता तरी यावा.

सध्या छिंगहेमध्ये, म्हणजे गेमच्या पहिल्याच प्रदेशात, भटकतोय. दिसायला गेम भन्नाट आहे, पण मेनूत शिरलं की डोकं गरगरतं. मार्शल आर्ट वेगळं, मिस्टिक आर्ट वेगळं, इनर वे आणखी तिसरंच. यूट्यूबवर दर व्हिडिओत नवं हत्यार ‘सगळ्यात भारी’ असतं. इकडे लकी सेव्हन्टीन नावाचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, मला धड उठू देत नाही. कुठलं हत्यार घेऊ? पैसे न टाकता पुढे जाता येतं का? घरचं वायफाय यथातथाच आहे, त्याने फरक पडतो का?

छत्रीवाली_काकू
अरे, आधी ते व्हिडिओ बंद कर. ती माणसं दिवसभर हेच करतात. मी डोंबिवलीची, नोकरी करणारी बाई. मुलं झोपली, उद्याची भाजी निवडून झाली की खेळायला बसते. तास-दीड तास मिळतो, त्यामुळे वेळ कशात वाया जातो हे मला लगेच दिसतं. नवीन लोकांचा सगळ्यात जास्त वेळ हत्यारं बदलण्यात जातो.

एका वेळी दोन हत्यारं जवळ ठेवता येतात, लढता लढता बदलताही येतात. सुरुवातीला मिळणारी नेमलेस तलवार आणि नेमलेस भाला ही जोडी नवख्यांसाठी म्हणून हलकी केलेली नाही, पुढेही छान चालते. एकाच वाटेच्या, म्हणजे एकाच लढण्याच्या शैलीच्या, दोन हत्यारांची जोडी ठेव, म्हणजे एकासाठी घेतलेली मेहनत दुसऱ्यालाही लागू पडते. स्ट्रॅटेजिक तलवार आणि हेवनक्वेकर भाला ही शत्रूला रक्तस्राव करवणारी जोडी. इन्फर्नल जोडपाती आणि मॉर्टल रोप डार्ट चपळ लोकांसाठी. थंडरक्राय आणि स्टॉर्मब्रेकर ज्यांना पुढे उभं राहून मार खायची हौस आहे त्यांच्यासाठी. लांबूनच मारायचं असेल तर व्हर्नल छत्री आणि इंकवेल पंखा. माझी पॅनेशिया पंखा आणि सोलशेड छत्री, म्हणजे दुसऱ्यांना बरं करणारी. एक जोडी घे आणि छिंगहे संपेपर्यंत तिला चिकटून राहा.

आता सेव्हन्टीन. तू बहुतेक दिसला की मारत सुटतोस. या गेममध्ये बॉसला रक्ताच्या पट्टीखेरीज ‘छी’ची, म्हणजे दमाची, पट्टी असते. त्याचा वार वेळेवर अडवला, म्हणजे पॅरी बसली, की ती पट्टी उतरते. पूर्ण उतरली की तो थकून हतबल होतो आणि तेव्हा तुझा एक घाव इतर वेळच्या कितीतरी घावांना भारी पडतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन लढतींत त्याला मारायचंच नाही असं ठरव. नुसतं अडवत राहा. लाल चमक दिसली तर पॅरी, सोनेरी चमकली तर पॅरी चालत नाही, निमूट बाजूला हो. काही बॉस हात वर नेऊन मुद्दाम थांबतात आणि आपण घाईत बटण दाबून बसतो. हातापेक्षा त्याच्या खांद्याकडे बघ.

तरी नाही जमलं तर सेटिंगमध्ये जाऊन काठिण्य खाली आण. स्टोरी ही सगळ्यात सोपी पातळी त्यासाठीच दिलीय. पॅरीच्या वेळी मदत करणारी सोयही आहे, ती चालू ठेव. त्यात लाजण्यासारखं काही नाही, कुणी प्रगतिपुस्तक बघायला येत नाहीये.

गिअरचं, म्हणजे हत्यारं-चिलखताचं, एक लक्षात ठेव. मजबुती वाढवतोस ती त्या वस्तूची नसते, ती वस्तू जिथे घालतोस त्या जागेची असते. उद्या नवी तलवार आली तरी आधीचा खर्च बुडत नाही. त्यामुळे ‘चांगली वस्तू मिळेपर्यंत साहित्य साठवतो’ हा काटकसरी विचार इथे कामाचा नाही. मी स्वभावाने भयंकर काटकसरी आहे, तरी सांगते, खर्च कर.

पैसे टाकायची गरज नाही. दुकानात कपडे आणि मिरवायच्या वस्तू आहेत, त्यातल्या बऱ्याच लॉटरीच्या. त्याने ताकद वाढत नाही. कपडे फार सुंदर आहेत, तेवढाच धोका.

पैलवान_गडी_कोल्हापूर
काकूंचं बाकी सगळं पटलं, पण ते स्टोरी पातळीचं नाही पटलं. भावा, त्याच्या वरची रेकमेंडेड पातळीच ठेव. मी लहानपणापासून तालमीत मर्दानी खेळ करतोय, दांडपट्टा फिरवतोय. वस्ताद पहिले कित्येक दिवस पट्टा हातात देत नव्हते, नुसता पवित्रा घोटून घ्यायचे. पायच आधी शिकावे लागतात. या गेमचंही तसंच. सोप्या पातळीवर पॅरी चुकली तरी खपून जातंय, मग पुढच्या प्रदेशात, कायफेंगला, गेल्यावर रडायची पाळी येते.

नेटबद्दल कुणी बोललंच नाही. सोलो खेळलास तरी गेमला नेट लागतंयच. पॅरी म्हणजे सगळा वेळेचा खेळ. वायफाय मध्येच अडखळलं की तुझं बटण बरोबर असूनही वार बसतोय आणि तू स्वतःला शिव्या देत बसतोस. राउटरपासून केबल ओढ. लांबलचक केबल काय लई महाग नसती. गेम एसएसडीवर टाक, आणि लॅपटॉप तापत असला तर सावल्या आणि गवत कमी कर. चित्र थोडं उतरलं तरी चालंल, हालचाल गुळगुळीत पाहिजे.

आणि बाजारात उगाच कुणाला हाणू नको. या गेममध्ये कायदा आहे. गावकऱ्याला मारलंस की डोक्यावर बक्षीस लागतंय, धरला गेलास तर तुरुंगात बसावं लागतंय. हे गंमत म्हणून करणारे लई आहेत. आमच्या ग्रुपमधला एक जण गेममध्ये जितका वेळ बाहेर असतोय तितकाच आत.

सदाशिव_पेठ_३०
एक विनंती. कथेचे प्रसंग पुढे ढकलत जाऊ नका. बहुतेक जण ‘चिनी नावं लक्षात राहत नाहीत’ म्हणून सोडून देतात आणि मग विचारतात की हा म्हातारा एवढा का रडतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. थांग साम्राज्य ९०७ साली कोसळलं आणि ९६० साली चाओ ख्वांगयिनने सोंग राजवंश स्थापन केला. मधल्या ५३ वर्षांत उत्तर चीनने एकामागून एक पाच राजवंश पाहिले, म्हणून हा पाच राजवंश आणि दहा राज्यांचा काळ. गेमची गोष्ट याच काळाच्या शेवटाची. त्यातल्या एका राजाने गादीसाठी उत्तरेकडच्या खितान लोकांची मदत घेतली आणि मोबदल्यात उत्तर सीमेवरचे सोळा प्रांत त्यांना देऊन टाकले. सीमा उघडी पडली ती पुढची कित्येक वर्षं. छिंगहेमध्ये ज्या सेनापतीचं नाव लोक आदराने घेतात तो वांग छिंग खरा माणूस होता. ९४६-४७ च्या हिवाळ्यात जोंगदू पुलाच्या लढाईत तो खितानांविरुद्ध लढत मेला. मागे असलेल्या मुख्य सेनापतीने कुमक पाठवली नाही, उलट पुढे शरणागती पत्करली. एवढं डोक्यात ठेवून छिंगहेची कथा पुन्हा बघा. कायफेंग ही सोंगांची राजधानी, तिथले बाजार तर नुसते चालत बघण्यासारखे आहेत. घोडा बाहेर ठेवा.

पॅरी मला अजून येत नाही, त्याबद्दल मला विचारू नये.

मिरजेचा_पोरगा
सगळ्यांना धन्यवाद. केबल उद्याच आणतो. जोडी तलवार-भाल्याचीच ठेवतो, पातळीही रेकमेंडेड. काकू, जमलं नाही तर तुमचं ऐकेन.

अजून दोन गोष्टी. लेव्हल एका ठिकाणी अडकलीय, पुढे जातच नाही. आणि सगळे म्हणतात पंथात सामील हो, तर कुठल्या?

छत्रीवाली_काकू
पैलवान, तुमचं म्हणणं तालमीत बरोबर. दिवसभर ऑफिसात डोकं पिकलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता पवित्रा घोटायला सांगून बघा.

लेव्हल अडकली म्हणजे बिघडलं नाही. पुढचा टप्पा ठरावीक दिवसांनीच उघडतो, मग एक परीक्षा देऊन वर जायचं. घाई नको, कारण तू वर गेलास की शत्रूही तगडे होतात. तोवर नकाशा उघड. बाउंडरी स्टोन दिसला की आधी त्याला हात लाव, म्हणजे पुढच्या वेळी तिथे एका क्षणात पोचता येतं. पेट्या, विचित्र वस्तू, छपरावरच्या मांजरी, सगळीकडे नाक खुपस.

पंथाची घाई अजिबात नको. प्रत्येक पंथाचे नियम असतात, ते मोडले तर शिक्षा. आत न शिरताही बरंच शिकता येतं. लपून बसायचं, दुसऱ्याचा सराव बघायचा आणि विद्या चोरायची, अशी रीतसर सोयच गेमने ठेवलीय. मला तर लढाईपेक्षा तेच आवडतं.

आणि वैद्यकी शिक. पात्र आजारी पडतं, जखमा होतात, तेव्हा वैद्य झालेला दुसरा खेळाडू बरं करू शकतो. उपचार म्हणजे पत्त्यांसारखी एक छोटी लढत असते, आजाराशी. रात्री मी तेवढंच करते कधीकधी, अनोळखी माणसं येतात, बरी होतात, जातात.

तुला सेव्हन्टीनसाठी कुणी बरोबर हवं असेल तर सोलो मोडमधून बाहेर ये, ऑनलाइन मोड चालू कर, नाहीतर मला तू दिसणारच नाहीस. शनिवारी अकरानंतर मी असते. सर्व्हर कुठला निवडलायस तेवढं इथे लिही.