मदत हवी आहे: फ्री डिश, स्ट्रेंथ भरपूर पण क्वालिटी टिकत नाही

रत्नागिरीत कौलारू घरावर डीडी फ्री डिश (दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा; उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व) बसवली आहे. ६० सेंमीची ऑफसेट डिश, युनिव्हर्सल एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग), ३५ मीटर आरजी-६ (डिशची नेहमीची) केबल. दिशा उत्तरेपासून १२८ अंश, उंचीचा कोन (आडव्या रेषेपासून वर) ५९ अंश, एलएनबी साधारण ४८ अंश फिरवलेला.

११०९०/२९५०० (फ्रिक्वेन्सी/सिम्बॉल रेट) वर सेट-टॉप बॉक्स स्ट्रेंथ (सिग्नलचा जोर) ८५ दाखवतो, क्वालिटी (सिग्नलचा स्वच्छपणा) मात्र २५ ते ६०, आणि वारा सुटला की चित्राचे चौकोन. स्ट्रेंथला फारसा अर्थ नसतो, ती केबलमधल्या गोंगाटानेही वाढते. एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचे जोड) नवे लावले, खांब ओळंब्याने तपासला; फरक शून्य.

संशय माडावर आहे. डिशपेक्षा दहा मीटर उंच शेंडा त्याच दिशेला सहा मीटरच्या आत असेल तर झावळ्या आड येणारच, आणि आमचा माड जेमतेम सात मीटरवर आहे, झावळ्या मात्र पुढे झुकलेल्या. माड तोडायचा नाही!

डिश घराच्या दुसऱ्या टोकाला न्यावी तर केबल ५० मीटर होते. मग लाइन अँप्लिफायर (लांब केबलसाठी सिग्नल वाढवणारा) एलएनबीजवळच लावायचा ना? की जागा तीच ठेवून ९० सेंमीची डिश घ्यावी? झावळ्यांपुढे मोठ्या डिशचा कितपत उपयोग होतो? पावसाळ्याआधी काम उरकायचंय.