स्वयंचलित पार्किंगसाठी वरच्या व्हेरिएंटचे पैसे मोजावेत का?

कोथरूडकर (प्रश्न)
नमस्कार. नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेण्याचा विचार असून महिंद्रा एक्सईव्ही ९ई आणि टाटा हॅरियर ईव्ही यांपैकी एक ठरवायची आहे. दोन्हींच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये गाडी आपणहून स्टिअरिंग फिरवून जागेत शिरते आणि चालक बाहेर उभा असतानाही किल्लीवरून पुढे-मागे घेता येते. शोरूमच्या मोकळ्या आवारात हे उत्तम वाटले, परंतु आमच्या सोसायटीत दोन खांबांच्या मध्ये गाडी लावावी लागते. वडील अजूनही गाडी चालवतात, मात्र मान वळवून मागे पाहणे त्यांना जड जाते. हे तंत्रज्ञान नेहमी वापरणाऱ्यांचे मत कृपया कळवावे.

मुळाकाठ
ही सोय नवी नाही. टोयोटाने २००३ मध्ये जपानमधल्या प्रियसमध्ये ती दिली होती आणि आपल्याकडेही २०२० मध्ये आलेल्या एमजी ग्लॉस्टरमध्ये ती होती. अमेरिकेतील एएए या वाहनचालक संघटनेने २०१५ मध्ये घेतलेल्या चाचणीत, यंत्रणेच्या मदतीने रस्त्याकडेला गाडी लावताना चाके पदपथाच्या कडेवर आदळण्याचे प्रमाण ८१ टक्क्यांनी आणि पुढे-मागे करण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी आढळले. तरीही त्यांनी विचारलेल्या चालकांपैकी साधारण चौघांत एकानेच यंत्रणेवर भरवसा दाखवला. माझे मत त्या उरलेल्या तिघांच्या बाजूचे आहे, कारण आपल्या रस्त्यांवर दोन मोटारींमधली मोकळी जागा दुचाकींनी भरलेली असते आणि मागचा रिक्षावाला गाडी जागा मोजेपर्यंत थांबत नाही. शिवाय बंपरमधले अल्ट्रासोनिक सेन्सर ध्वनिलहरी परत येण्याच्या वेळेवरून अंतर काढतात. बारीक सळई, सैल साखळी किंवा बुटका कठडा त्यांच्या नजरेतून सुटू शकतो आणि पावसाळ्यात चिखल बसला की अडचण आणखी वाढते.

मुलुंडकर
रस्त्यावरच्या पार्किंगबाबत वरील मत मला मान्य आहे, पण प्रश्न सोसायटीच्या जागेचा आहे आणि तिथे हिशेब वेगळा होतो. एक्सईव्ही ९ई आरसे वगळून १,९०७ मिलिमीटर रुंद आहे. अडीच मीटर रुंदीच्या जागेत ती अगदी मधोमध लावली, तरी प्रत्येक बाजूला जेमतेम ३० सेंटिमीटर उरतात, आणि तेवढ्यात दार उघडून मोठ्या माणसाला बाहेर पडता येत नाही. म्हणून बहुतेक जण गाडी एका खांबाला चिकटवून लावतात आणि शेजाऱ्याशी वाद ओढवून घेतात. माझ्या गाडीत किल्लीवरून पुढे-मागे घेण्याची सोय आहे. आम्ही सगळे मार्गिकेतच उतरतो, सामान काढतो आणि मग गाडी सरळ आत जाते. सकाळी ती तशीच बाहेर येते. आपल्या वडिलांना सर्वाधिक उपयोग याचाच होईल, कारण अवघडून बसणे-उतरणे टळते आणि मान वळवण्याचा प्रश्नही राहत नाही. आपोआप जागा शोधणारा भाग मी क्वचितच वापरतो आणि केवळ त्यासाठी कोणी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. रिव्हर्स सेन्सर तर १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीचेच आहेत.

म्युनिकवासी
जबाबदारीचा मुद्दा राहून गेला. युरोपात लागू असलेल्या नियमांनुसार बाहेरून गाडी लावताना चालकाला तिच्यापासून ६ मीटरच्या आत राहावे लागते आणि बटण सतत दाबून ठेवावे लागते. बोट उचलताच गाडी थांबली पाहिजे. स्टुटगार्ट विमानतळाच्या एका वाहनतळात बॉश आणि मर्सिडीज यांच्या चालकविरहित पार्किंगला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, पण तिथे वाहनतळातच सेन्सर बसवलेले आहेत. आपल्या सोसायटीत ती नजर चालकाचीच असणार. लहान मुले खेळत असलेल्या आवारात वडिलांनी गाडीच्या ज्या बाजूने मागचा भाग दिसतो तिथेच उभे राहावे, हे त्यांना आधी आवर्जून सांगा.

कोथरूडकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या खांबांमधले अंतर आज मोजले; ते अडीच मीटरहूनही थोडे कमी भरले. विक्रेत्याने चाचणीची गाडी आमच्याच तळमजल्यावर आणून किल्लीवरून आत घालून दाखवावी, अशी अट मी घालणार आहे आणि त्या वेळी किल्ली वडिलांच्या हातात असेल. त्यांना ते सहज जमले तरच वरचे व्हेरिएंट घेऊ.