पोर्टचा २ मिनिटांचा दंड योग्यच होता

फुटाळा_पहाट
रविवारच्या राइडनंतर वर्धा रोडवर चहा घेताना हा वाद अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतो. २०१५ च्या जिरो द'इतालियाची, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीची, दहावी स्टेज (एका दिवसाचा टप्पा), फिनिश फोर्लीला. रिची पोर्ट एकूण क्रमवारीत तिसरा, आघाडीवरच्या कॉन्टाडोरच्या फक्त २२ सेकंद मागे. शेवटचे काही किलोमीटर उरले असताना त्याचं चाक पंक्चर झालं. सायमन क्लार्क, तोही ऑस्ट्रेलियाचाच पण दुसऱ्या टीमचा, थांबला आणि स्वतःचं पुढचं चाक काढून पोर्टच्या सायकलला बसवून दिलं. ४७ सेकंद गेलेच, वर दुसऱ्या टीमची मदत घेतली म्हणून ज्युरीने, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, २ मिनिटं ठोकली. पिछाडी ३ मिनिटं ९ सेकंदांवर गेली.

माझ्या मते ज्युरी बरोबर होती. चाक द्यायला स्वतःच्या टीमचे गडी असतात, टीमची गाडी असते, कुठल्याच टीमची नसलेली न्यूट्रल गाडी असते. दुसऱ्या टीमची मदत एकदा चालवून घेतली की मोठ्या टीमा छोट्यांना पटवायला मोकळ्या. आज दोस्तीखातर दिलं, उद्या पुढच्या वर्षीच्या कराराच्या आशेने दिलं, तर ज्युरीने ओळखायचं कसं?

सेमिनरी_चढ
भाऊ, टीमा एकमेकींना मदत करतच नाहीत का? ब्रेकअवेमध्ये, म्हणजे पुढे निसटलेल्या गटात, पाच टीमांचे पाच जण आळीपाळीने वारा झेलतात, मागे दोन स्प्रिंटरांच्या टीमा मिळून पाठलाग करतात. ते डावपेच, अन् चाक दिलं की गुन्हा? २०० स्विस फ्रँकचा दंड झालाच होता, तेवढा पुरे होता.

फुटाळा_पहाट
ब्रेकअवेतला गडी स्वतःला जिंकायचंय म्हणून ओढतो. क्लार्कने स्वतःची शर्यत सोडून दुसऱ्याची सावरली. मला खुपतं ते हेच.

काटोल_रोडवाला
काहून एवढं कडक? २०१६ च्या टूर द फ्रान्समधला मॉन्ट व्हेंटूचा चढ आठवा. गर्दीने मोटरसायकल अडली, पोर्ट, मोलेमा अन् फ्रूम तिच्यावर आदळले. सायकल मोडली तर फ्रूम क्लीट (पेडलला अडकणारी पट्टी) लावलेल्या बुटांनी चढावर धावत सुटला! ज्युरीने त्याला अन् पोर्टला मोलेमाचा वेळ दिला, एकूण आघाडीची पिवळी जर्सी फ्रूमकडेच राहिली. तिथे परिस्थिती बघितली, मग फोर्लीत का नाही?

फुटाळा_पहाट
व्हेंटूवर रस्ता मोकळा ठेवणं आयोजकांचं काम होतं. पंक्चर शर्यतीचा भाग आहे. सपाट स्टेजला शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये झालं असतं तर तो ज्या गटात होता त्याचाच वेळ मिळाला असता. पोर्ट त्या हद्दीबाहेर होता.

गोरेवाडा_ताई
नियम मला पटतो, शिक्षा नाही. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) सोलो, म्हणजे एकट्याने, पूर्ण केली. तिथे दुसऱ्याच्या मागे आडोशाला राहून चालवायची मुभाच नाही, आणि ते बंधन सगळ्यांना सारखंच जाचतं. फोर्लीत दोघांनाही २-२ मिनिटं लागली, पण क्लार्क एकूण जेतेपदाच्या शर्यतीत नव्हताच. त्याचं काय बिघडलं? पोर्टचा मात्र जिरो तिथेच हातचा गेला. उद्या कोणी पैसे घेऊन चाक दिलं, तर देणाऱ्याला या दंडाची भीती वाटणार आहे का? शिक्षा देणाऱ्याच्या टीमला जाचली पाहिजे.

सेमिनरी_चढ
ताई, अगदी हेच! अन् पोर्टचे तेवढेच सेकंद कापा जेवढे त्या चाकाने वाचले.

फुटाळा_पहाट
देणाऱ्याच्या टीमला दंड, हे मान्य. पण वाचलेले सेकंद मोजणार कोण? टीमची गाडी किती मागे होती, यावर रोज संध्याकाळी ज्युरीसमोर भांडणं होतील. सरसकट २ मिनिटं निदान स्टेजआधी सगळ्यांना माहीत असतात.