मदत हवी आहे : बहिणीच्या किडनीतली गाठ, एम्बोलायझेशन करावं की ऑपरेशन?

पोटात दुखतं म्हणून धाकट्या बहिणीची सोनोग्राफी केली, तर उजव्या किडनीत पांढरट गोळा दिसला. मग सीटी स्कॅन झाला. गाठ ५.२ सेंमीची आहे आणि आत चरबी स्पष्ट दिसते, त्यामुळे अँजिओमायोलिपोमा (रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची साधी गाठ) असं निदान झालंय. कॅन्सर नाही, बायोप्सीही नको म्हणाले. ते ऐकून आई देवापुढे बसून रडली.

पण काळजी संपलेली नाही. ४ सेंमीच्या पुढे अशा गाठीतून अचानक रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. हिच्या गाठीतल्या एका रक्तवाहिनीला फुगवटाही आहे. शिवाय तिला मूल हवंय, आणि गरोदरपणात ही गाठ वाढू शकते. हल्ली ती पाण्याची बादली उचलतानाही कुशीवर हात ठेवते.

एक डॉक्टर म्हणतात एम्बोलायझेशन करा : जांघेतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचा. चिरफाड नाही, पण गाठ आतच राहते, पुन्हा वाढूही शकते. दुसरे म्हणतात दुर्बिणीतून पार्शल नेफ्रेक्टॉमी, म्हणजे फक्त गाठ काढून बाकी किडनी वाचवायची. मला हे पटतं, पण ऑपरेशनमधल्या रक्तस्रावाची आणि नंतर लघवी झिरपण्याची भीती वाटते.

यातून गेलेलं कुणी आहे का? एम्बोलायझेशननंतर ताप आणि दुखणं किती दिवस राहिलं? नंतर गरोदरपण नीट पार पडलं का? पुढच्या भेटीत सर्जनना काय काय विचारू, तेही कृपया सांगा.