मदत हवी आहे: फॉन्ट एफसी-लिस्टमध्ये दिसतो, एक्सएलएसफॉन्ट्समध्ये नाही

नमस्कार मंडळी,

सोलापुरात पूर्व भागात आमचं लग्नपत्रिका आणि चादरी-टॉवेलच्या लेबलचं दुकान आहे. मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांची कामं येतात, त्यामुळे फॉन्ट गोळा करणं रोजचंच. पत्रिकांना काही अडचण नाही. अडलंय ते लेबलांचं.

लेबलाचा प्रोग्रॅम वडिलांच्या वेळचा आहे, डेबियन लिनक्सवर चालतो. एका गिऱ्हाइकानं त्याच्या मालाच्या नावासाठी इंग्रजी अक्षरांचा टीटीएफ फॉन्ट दिला. घरच्या फोल्डरमधल्या डॉट-फॉन्ट्समध्ये टाकला, फॉन्टची यादी ताजी करायला एफसी-कॅश -एफ ही आज्ञा चालवली. फॉन्टची यादी देणारी एफसी-लिस्ट ही आज्ञा त्याचं नाव दाखवते, पण प्रोग्रॅमच्या यादीत तो नाही. यादीची दुसरी आज्ञा, एक्सएलएसफॉन्ट्स, चालवली तर शेकडो ओळी वाहत गेल्या, ग्रेपनं (ओळींत शब्द शोधणारी आज्ञा) शोधलं तर शून्य. मशीन दोनदा बंद-चालू केलं. घरून एसएसएचनं (दुरून मशीनमध्ये शिरायची सोय) बघायला गेलो तर डिस्प्ले उघडत नाही म्हणतं.

गड्ड्याच्या जत्रेआधी माल द्यायचाय. कुणाला माहीत असेल तर सांगा, प्लीज.

उत्तर:

दादा, फॉन्ट नीट बसलाय, फक्त दोन्ही आज्ञा वेगवेगळ्या ठिकाणी विचारतात. एफसी-लिस्ट फॉन्टकॉन्फिगची (प्रोग्रॅमना फॉन्ट शोधून देणारी व्यवस्था) यादी देतं, नवे प्रोग्रॅम तीच वापरतात. एक्सएलएसफॉन्ट्स थेट एक्स सर्व्हरला (स्क्रीनवर खिडक्या-अक्षरं दाखवणारा प्रोग्रॅम) विचारतं, आणि तुमचा जुना प्रोग्रॅमही तिथूनच फॉन्ट मागतो. सर्व्हर स्वतःच्या फॉन्ट पाथबाहेर, म्हणजे ठरलेल्या फोल्डरांबाहेर, बघत नाही. तो पाथ 'एक्ससेट क्यू'मध्ये दिसेल.

फॉन्टच्या फोल्डरमध्ये जाऊन आधी एमकेफॉन्टस्केल, मग एमकेफॉन्टडिर चालवा; सर्व्हरला लागणारी फॉन्टची सूची त्या बनवतात. नंतर 'एक्ससेट एफपी+' पुढे फोल्डरचा पूर्ण पत्ता, आणि शेवटी 'एक्ससेट एफपी रीहॅश'. लॉगआउट केलं की हे पुसलं जातं, म्हणून शेवटच्या दोन ओळी लॉगिनच्या स्क्रिप्टमध्ये टाका. एक्सएलएसफॉन्ट्सनं शोधताना -एफएन पुढचा चांदणीचा (*) नमुना अवतरणात लिहा, नाहीतर शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) त्या चांदणीला फाइलींची नावं समजतं.

एसएसएचवरून दुकानाच्याच स्क्रीनची यादी हवी असेल, तर त्याच युजरनं आत जाऊन डिस्प्ले व्हेरिएबल :० करा. अर्थात तिथे लॉगिन चालू हवं.

एक मात्र सांगतो, या वाटेनं मराठी लेबल करू नका. सर्व्हर एकेक अक्षर सुटं मांडतो, जोडाक्षर बांधत नाही. 'सिद्धेश्वर' लिहिलंत तर पहिली वेलांटी स च्या उजवीकडे जाईल आणि द्ध फुटेल. मराठीसाठी नवा प्रोग्रॅमच घ्या. त्याला चालणारे फॉन्ट 'एफसी-लिस्ट :लँग=एमआर' देईल, तेलुगूला एमआरच्या जागी टीई, कन्नडला केएन.

धागाकर्ता:

झालं! एमकेफॉन्टडिर राहिलंच होतं माझं. आता एकाच फॉन्टच्या बऱ्याच ओळी दिसतात, फक्त शेवटचं एन्कोडिंग (अक्षरांना आकडे द्यायची पद्धत) वेगळं. आयएसओ८८५९-१ची ओळ निवडली आणि लेबल छापून निघालं. मनापासून आभार, दादा. मराठी लेबलं उद्यापासून पत्रिकांच्याच मशीनवर घेतो.