परबांची बंदूक

परब (बी-२०४): नमस्कार मंडळी. ए विंगमध्ये परवा डक्टच्या पाइपावरून चोर चढला, हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही दोघंच घरात. मुलगा ह्यूस्टनला. तो म्हणतो, बाबा, शॉटगन घ्या, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक. लायसन्स काढायचा विचार करतोय. कोणती घ्यावी? गंभीरपणे विचारतोय, टिंगल नको.

राणे (बी-२०३): परब, तुमच्या दारासमोर माझं दार आहे. मधे पाच फूट. मीही गंभीरच आहे.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत. १० ते ४ पाणी नाही. कृपया विषयांतर नको.

परब: पाण्याचं वाचलं. मुलाने दोन नावं पाठवलीत. मॉसबर्ग ५०० आणि रेमिंग्टन ८७०. दोन्ही पंपवाल्या, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायचं. मॉसबर्गचा सेफ्टीचा खटका वरच्या बाजूला, अंगठ्याजवळ. रेमिंग्टनचा घोड्यामागे आडवा. नळी साडेअठरा इंची घ्या म्हणतो, घरात फिरवायला सोपी.

केतकी (सी-५०१): काका, साडेअठरा इथे अडेल. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १३ प्रमाणे संरक्षणासाठी आतून गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे शॉटगनच, मागायची तर नळी किमान २० इंच हवी. त्यापेक्षा आखूड असेल तर पिस्तुलासाठी लागतं तसं ठोस कारण पटवून द्यावं लागतं. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तांकडे. आपल्या पोलीस स्टेशनचा अहवाल जातो. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो आणि बंदूक घरात सुरक्षित ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. लायसन्स आता पाच वर्षांचं मिळतं, २०१९ पर्यंत तीन वर्षांचं होतं.

परब: म्हणजे मिळू शकतं.

केतकी: अर्ज करू शकता. मिळेलच असं मी म्हटलं नाही.

ओंकार (ए-७०२): काका एअरगन घ्या ना. नळी .१७७ इंचाची आणि गोळीचा जोर २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन्सच नको.

कदम (ए-१०२): ओंकार, ती डब्बे पाडायला. चोराला खरी वाटली तर तो जिवाच्या भीतीने अंगावर येणार आणि परबांच्या हातात काय, तर खेळणं.

कदम: परब, मी बावीस वर्षं बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभा होतो, म्हणून चार शब्द लिहितो. मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो, मधे कोणी बोलू नका.

सेक्रेटरी: थोडक्यात, कदम.

कदम: शॉटगनवर बारा बोअर लिहिलं असेल तर ते बारा मिलिमीटर नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक नळीत बसते. साधारण साडेअठरा मिमी. म्हणून बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते. पंपवाल्या बंदुकीत काडतुसं जास्त मावतात, पण प्रत्येक बार काढल्यावर हात पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे जावा लागतो. घाबरलेला माणूस अर्धाच ओढतो आणि ती अडकते. दुनळीत दोनच काडतुसं. पण नळी खाली वाकवून उघडली की भरलेली आहे की रिकामी, ते लहान पोरालाही दिसतं. तुमच्या वयात घ्यायचीच तर ऑर्डनन्स फॅक्टरीची दुनळी. वजन तीन-साडेतीन किलो, नळी लांब, सगळी मिळून जवळपास चार फूट.

कदम: आता दुसरं. शॉटगनला नेम धरावा लागत नाही, नुसती त्या दिशेला रोखली की झालं, असं लोक म्हणतात. साफ खोटं. छर्रे दर तीन फुटांना साधारण इंचभर पसरतात. तुमचा हॉल बारा फुटांचा. तिथवर जेमतेम तळहाताएवढा झुबका होतो. नेम चुकला की तो सगळा झुबका दुसरीकडे जातो. खडकीच्या कारखान्याची एलजी, म्हणजे जाड छर्ऱ्यांची काडतुसं असतील तर आत सहा मोठे दाणे. प्लायच्या दाराला ते काही जुमानत नाहीत.

राणे: माझं दार प्लायचं आहे. माहितीसाठी सांगतोय.

परब: बारीक छर्ऱ्याचं काडतूस घेईन.

कदम: घ्या. कान दोन्हीत सारखेच बसतात. बंद खोलीत बार झाल्यावर वहिनी ओरडल्या तरी तुम्हाला ऐकू येणार नाही.

देशपांडे (सी-३०१): आणि बिबट्या आला तर?

केतकी: बिबट्यावर रोखलीत तर चोर राहील बाजूला, वनखातं तुम्हालाच घेऊन जाईल.

कदम: परब, एक काम करा. माळ्यावर पडद्याची जुनी काठी असेल. चाळीस इंचांवर खूण करा. वीस इंची नळीची पंपवाली साधारण एवढी होते. काठी खांद्याला लावा, लाइट बंद करा आणि बेडरूममधून मेन दारापर्यंत या.

परब: आत्ता?

कदम: चोर काय वेळ विचारून येतो?

(मधे वीस मिनिटं कोणी काही लिहिलं नाही. देशपांड्यांनी सुप्रभातचा फोटो टाकून डिलीट केला.)

परबवहिनी: बेडरूमच्या दारातच टोक चौकटीला अडकलं. तिथून पॅसेज तीन फुटांचा. वळण्यासाठी काठी वर करावी लागली, ती पंख्याच्या पातीला लागली. मग शोकेस. मग मी. मी चोर झाले होते. यांच्या आधी दाराशी पोचले, काठीचं टोक धरून ओढलं, आणि यांनी सोडून दिली.

परब: चष्मा नव्हता.

परबवहिनी: रात्री तीनला असेल का?

कदम: हेच म्हणत होतो. लांब बंदूक कोपऱ्यात हाताला लागली की जो ओढेल त्याची.

परब: मग फिरायचंच कशाला? बेडरूमचं दार लावून आतूनच रोखून बसेन.

कदम: ते मात्र शहाणपणाचं. पण मग कडी लावून १०० किंवा ११२ फिरवा. फोनला लायसन्स लागत नाही.

ओंकार: केतकीताई, घरात घुसलाय म्हटल्यावर मारला तर चालतं ना?

केतकी: 'चालतं' असं काही नसतं रे. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ४१ मध्ये सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीच्या घरफोडीत बचावाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण कलम ३७ त्याच्या मानेवर बसलेलं आहे. गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच नाही. पाइपावरून उतरून पळणाऱ्याच्या पाठीत बार काढलात तर तो बचाव नाही. आणि आधी गुन्हा नोंदवला जाणार, चौकशी होणार, बंदूक जप्त होणार. हे सगळं सत्तरीत.

परब: अडुसष्ट.

सावंत (बी-४०१): परब, तुम्ही गणपतीला पंधरा दिवस कणकवलीला जाता. तेव्हा बंदूक कुठे?

परब: कपाटात. कुलूप लावून.

सावंत: आणि घर रिकामं. म्हणजे आज चोराला टीव्ही मिळेल, तेव्हा टीव्ही आणि बंदूक मिळेल.

कदम: सावंत, लाखाची गोष्ट बोललात. त्यासाठी लायसन्सवाल्या शस्त्रदुकानात जमा करता येते. निवडणूक लागली की पोलीसही अनेकांना जमा करायला लावतात. घेतलीत तर वर्षातून किती हेलपाटे ते आधी मोजा.

परब: मुलाला हे कसं सांगू? तो म्हणेल, घाबरलात.

परबवहिनी: मी सांगते त्याला. काठीचा व्हिडिओ आहे माझ्याकडे.

परब: तो ग्रुपवर टाकायचा नाही.

राणे: टाका वहिनी.

सेक्रेटरी: मुद्द्याचं. डक्टच्या पाइपांना काटेरी पट्ट्या बसवण्याचं कोटेशन मार्चपासून माझ्याकडे पडून आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत. मागच्या सभेत खर्चाला विरोध करणाऱ्यांत बी-२०४ ची सही होती.

परब: तेव्हा परिस्थिती वेगळी होती.

सेक्रेटरी: आता सही करताय का?

परब: पाठवून द्या.

परबवहिनी: आणि येताना कोणीतरी उंच माणूस पाठवा. काठी परत माळ्यावर टाकायची आहे, यांचा खांदा धरलाय.