सर्दी-खोकल्याला आलेल्या मुलाचं वजन जास्त आहे, हे डॉक्टरांनी सांगायचं की नाही?

जुळे सोलापूरची आई
माझा मुलगा दहा वर्षांचा. वर्षभरात ताप, खोकला, जुलाब धरून पाच-सहा वेळा बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. दर वेळी काट्यावर उभा केला, डोस काढला, चिठ्ठी हातात. उंची एकदाही घेतली नाही. मे महिन्यात त्याची मावशी आली होती. मळ बसलाय म्हणून तिने त्याची मान घासून घासून लाल केली. निघेना, कारण तो मळ नव्हताच. त्वचेच्या डॉक्टरांनी मान बघितली आणि आधी उंची-वजन विचारलं. १४० सेंटिमीटर, ४६ किलो; बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३.५. मोठ्या माणसाला हा आकडा फार नाही, पण भारतीय बालरोग संघटनेच्या २०१५ च्या वाढीच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलाला तो लठ्ठपणाच्या रेषेच्या वर जातो. मानेवरचा काळा, मखमलीसारखा पट्टा म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण.

माझं म्हणणं एवढंच: मूल कशालाही येऊ दे, सहा महिन्यांतून एकदा उंची घ्या, तक्त्यावर ठिपका द्या आणि आईबापांना सांगा.

बालरोग ओपीडीतून
ताई, तुमचा राग रास्त आहे, तरी मला हे पटत नाही. पावसाळ्यात संध्याकाळी माझ्या दवाखान्याबाहेर चपला काढायला जागा नसते. एका लेकराला तीन-चार मिनिटं मिळतात. तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेतलेल्या आईला मी त्याच्या वजनाबद्दल बोललो की तिला ते ऐकूच येत नाही. शेजारी बसलेली आजी म्हणते, "बाळसं आहे हो, दृष्ट लावू नका." आणि नुसतं सांगून भागत नाही. अमेरिकन बालरोग अकादमीने २०२३ मध्ये तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास कुटुंबासोबत काम करायला सांगितलंय. ते तास कुठून आणू? त्यासाठी वेगळी ओपीडी, आहारतज्ज्ञ हवेत.

पूर्व भागातली बाई (शिक्षिका)
माझ्या वर्गातल्या एका मुलीला दवाखान्यात सगळ्यांदेखत "केवढी जाड झालीस गं" म्हटलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा भरलेलाच परत जायला लागला. मधल्या सुट्टीत ती जिन्याखाली बसायची. असं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

आजोबा, नवी पेठ
देशात पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय. विडी वळणाऱ्या बायकांची लेकरं आधी बघा. खात्यापित्या घरची मुलं वाढत्या वयात आपोआप उंच होऊन सडपातळ होतात.

जुळे सोलापूरची आई
आजोबा, त्याच सर्वेक्षणात पाचाखालच्या जाड मुलांचं प्रमाण आधीच्या फेरीतल्या २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलंय. बुटकेपणाही उंची मोजूनच कळतो. पट्टी दोन्ही लेकरांना लागते. आणि आपोआप काही होत नाही, बरीच जाड मुलं मोठेपणीही जाडच राहतात.

डॉक्टर, उंची हा चैनीचा भाग नाही. खाण्यामुळे जाड झालेलं मूल बहुधा वयाच्या मानाने उंच असतं. जाड आहे आणि उंची खुंटली आहे, अशा मुलाचं थायरॉइड आणि इतर हार्मोन तपासावे लागतात. उंची घेतलीच नाही तर हे कळणार कसं? पट्टी कंपाउंडर लावू शकतो. आणि बाई म्हणतात ते मला पूर्ण मान्य. मुलासमोर बोलू नका. "रविवारी तुम्ही दोघंच या," एवढं म्हणा.

आमच्याकडे डाएट वगैरे केलं नाही. त्याचं वाढीचं वय आहे, वजन तिथंच थांबलं आणि उंची वाढली तरी पुष्कळ, असं सांगितलंय. क्लासनंतरचा बिस्किटपुडा आणि कोल्ड्रिंक बंद केलं. आता घरी आल्यावर भाकरी, दही, शेंगाचटणी. चटणी मात्र मी चमच्याने मोजून वाढते, कारण शेंगदाण्यात तेल असतंच. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावर साडेसहाला दोघं पार्क मैदानावर जायचो. रोज तासभर घाम येईल असं खेळणं मुलांना हवं, ते पहिले तीन आठवडे वीस मिनिटांवर अडलं होतं. कधी मी दमायचे, कधी तो.

बालरोग ओपीडीतून
माझ्या भिंतीवर उंचीची पट्टी आहे. तिच्यापुढे औषधांची खोकी रचलीत, ती उद्या हलवतो. पण आजारी लेकराच्या आईला त्याच भेटीत सांगणं मला अजूनही पटत नाही. फाईलवर खूण करीन आणि लेकरू बरं झाल्यावर फोन करीन.

पूर्व भागातली बाई (शिक्षिका)
फोन आईला करा डॉक्टर, आणि शाळेच्या वेळेत.